मिस्त्री हंगामाआधी शोधा, गाडी बंद पडल्यावर नव्हे
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर मी नेहमी बेणे, लागण, खोडवा आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा वाटेल, पण उसापासून तो लांब नाही. फडात ऊस कितीही जोमदार उभा असला तरी तो काट्यावर येऊन गव्हाणीत पडेपर्यंत त्याचे पैसे होत नाहीत. फड ते काटा हा रस्ता ट्रॅक्टरच्या जिवावर चालतो आणि ट्रॅक्टर मिस्त्रीच्या जिवावर. म्हणून भरवशाचा मिस्त्री कसा ओळखावा आणि कसा जोडावा, याविषयी चार गोष्टी सांगतो.

आधी आपल्या लोहा भागातील एका सभासदाची हकिगत ऐका. त्यांची परवानगी आहे, पण नाव छापू नका म्हणाले.

खंडेनवमीला त्यांच्या मुलाने ट्रॅक्टर धुऊन-पुसून रंगवून काढला. बॉनेट, मडगार्ड, डिझेलची टाकी, सगळे नव्यासारखे चकचकीत. हंगाम सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात दोन ट्रॉल्या भरून निघालेला ट्रॅक्टर पाऊण तास चालला आणि चढाला दम तोडून बंद पडला. अर्ध्या तासाने पुन्हा चालू झाला, थोडा चालला, पुन्हा बंद. रिकामा परत जाताना मात्र काही तक्रार नाही.

मिळेल तो मिस्त्री बोलावला. त्याने दोन वेळा स्टार्टर मारून पाहिला आणि सांगून टाकले, "पंप गेलाय मालक." पंप उतरवला, नांदेडला कॅलिब्रेशनला पाठवला, नोझल नवे टाकले. यात चार दिवस गेले. तोडलेला ऊस ट्रॉलीत वाळत होता. तोडणीची टोळी कोपीत बसून होती. टोळीला मजुरी टनावर मिळते. ट्रॅक्टर थांबला की त्यांची चूलही थांबते. मुकादम रोज येऊन विचारी, चिटबॉय रोज चिठ्ठी पुढे ढकली. खर्च झाला १४ हजार. पावती नाही. जुने नोझल कुठे गेले, तेही माहीत नाही.

पाचव्या दिवशी ट्रॅक्टर निघाला आणि त्याच चढाला पुन्हा बंद पडला. आता मिस्त्री म्हणाला, "इंजिन खोलावं लागंल."

सभासदाचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. तेव्हा त्यांच्या मेहुण्याने एका वयस्कर मिस्त्रीला मोटारसायकलवर बसवून आणले. म्हाताऱ्याने पान्याला हातसुद्धा लावला नाही. आधी बसून विचारले, "भरल्यावर बंद पडतो का रिकामा पण? बंद पडला की लगेच चालू व्हतो का थांबून? हंगामाआधी काय काम केलं होतं?" रंगाचे नाव निघताच तो उठला, टाकीचे टोपण काढले आणि उजेडाकडे धरले. टोपणाला हवा आत जाण्यासाठी बारीक भोक असते. ते रंगाने बुजले होते.

कारण साधे आहे. डिझेल खर्च होईल तशी टाकीत हवा शिरली पाहिजे. भोक बंद असले की टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल पुढे येईनासे होते. भरलेल्या ट्रॅक्टरला डिझेल जास्त लागते, म्हणून तो लवकर बंद पडे. थोडा वेळ थांबला की कुठून तरी हवा झिरपून आत जाई आणि गाडी पुन्हा चाले. म्हाताऱ्याने तारेने भोक मोकळे केले आणि १०० रुपये मागितले. आमच्या सभासदाने ५०० दिले. त्याने तेही घेतले, आणि घ्यावेतच. ते पैसे तारेचे नव्हते, विचारण्याचे होते.

पहिला मिस्त्री लबाड होता का? मला तसे छातीठोक सांगता येणार नाही. कदाचित त्याला खरोखरच पंप गेला असे वाटले असेल. पण लबाडी असो की अर्धवट माहिती, आपल्या खिशाला खड्डा सारखाच पडतो. भरवशाच्या मिस्त्रीची पहिली खूण यातून ध्यानात ठेवा: तो आधी विचारतो, मग खोलतो, आणि स्वस्त कारणाकडून महाग कारणाकडे जातो. टोपण, डिझेल फिल्टर, नळीतली हवा हे सगळे तपासून झाल्यावर पंपाची पाळी येते.

माळेगावचा बाजार आणि मिस्त्रीचे दुकान

आपण माळेगावच्या यात्रेला जाणारी माणसे. खंडोबाच्या त्या बाजारात घोडे, गाढवे, उंट येतात आणि जनावर कसे पारखावे हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, खोड विचारतो. विकणारा जेवढे जाणतो, त्याच्या बारा आणे तरी आपण जाणतो. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र जाणणारा एकटा मिस्त्री आणि आपण नुसते मान हलवणारे.

जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्या कामासाठी त्यांना २००१ साली दोन सहकारी अर्थशास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: विकणाऱ्याला मालाची खोट माहीत आहे आणि घेणाऱ्याला नाही, असे असले की घेणारा सगळ्यांनाच संशयाने कमी भाव देतो. त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून चांगला माल बाजारातून उठून जातो आणि खोटा माल उरतो.

हे आपल्याकडच्या गॅरेजना लावून पाहा. "सगळे मिस्त्री चोर" म्हणून आपण सर्वांशीच घासाघीस करतो. मग नीट वेळ देऊन अस्सल पार्ट टाकणारा माणूस धंद्यात टिकत नाही. त्याचा मुलगा पुण्याला कंपनीत जातो. मागे राहतो तो स्वस्तात काम घेऊन पार्टमध्ये पैसे काढणारा.

आपलाही दोष पाहू

आता थोडे कडू बोलतो, राग मानू नये. हंगामात दुरुस्ती करून घ्यायची आणि "उसाचं बिल आलं की देतो" म्हणायचे, ही आपली जुनी सवय. मिस्त्रीला पार्ट मात्र दुकानातून रोखीने आणावे लागतात. दहा जणांची उधारी थकली की अकराव्या रोख गिऱ्हाइकाकडून तो ती भरून काढणार, किंवा हलका पार्ट टाकणार. एक मिस्त्री मला म्हणाला, "साहेब, वही दाखवतो, तुमच्याच सभासदांची नावं आहेत." मी वही पाहिली नाही, पण तो खोटे बोलत होता असे मला वाटले नाही. भरवसा दोन्हीकडून असतो. पार्टचे पैसे रोख आणि मजुरी ठरल्या दिवशी, एवढे पाळणाऱ्या मालकाचा फोन मिस्त्री रात्री अकरालासुद्धा उचलतो.

काय करावे

१) मिस्त्री पारखण्याची वेळ म्हणजे गाळप संपल्यानंतरचा उन्हाळा. तेव्हा त्यालाही सवड असते आणि आपल्यालाही घाई नसते. आधी लहान काम द्या: ऑइल-फिल्टर बदलणे, क्लचचा फ्री-प्ले बसवणे, ब्रेक सारखे करणे. लहान कामात जो नीटनेटका, तो मोठ्या कामातही बहुधा तसाच असतो.

२) दुकानात जाऊन तासभर बसा. खोललेले सामान मातीत टाकतो की ट्रेमध्ये मांडून ठेवतो, बोल्ट पान्याने सोडतो की छिन्नी-हातोड्याने ठोकतो, हे बघा. दुसऱ्याचा ट्रॅक्टर कसा हाताळतो, तसाच तो तुमचा हाताळणार.

३) तो कुठे शिकला ते विचारा. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक, ट्रॅक्टर मेकॅनिक असे कोर्स असतात. कागद असला म्हणजे हात चांगला असतो असे नाही आणि उस्तादाच्या हाताखाली शिकलेला कमी असतो असेही नाही. पण कुठल्या कंपनीच्या ट्रॅक्टरवर किती वर्षे हात बसला आहे, हे कळले पाहिजे.

४) काम सांगताना बिघाड सांगा, औषध सांगू नका. "पंप बघ" म्हटले की तो पंपच बघणार. "भरल्यावर पाऊण तासाने बंद पडतो, अर्ध्या तासाने चालू होतो" असे सांगा. धूर काळा, निळा की पांढरा, आवाज कुठून येतो, कधीपासून येतो, हे ड्रायव्हरला विचारून ठेवा आणि ड्रायव्हरला बरोबर न्या.

५) खोलण्याआधी अंदाज घ्या आणि "यापेक्षा जास्त निघाले तर फोन करून विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही" हे ठरवून टाका. "इंजिन खोलावे लागेल" असे कोणी म्हटले, तर दुसऱ्या मिस्त्रीला एकदा दाखवा. यात पहिल्याचा अपमान नाही. मोठ्या ऑपरेशनच्या आधी आपण दुसऱ्या डॉक्टरला दाखवतोच.

६) काढलेला जुना पार्ट परत मागा आणि नव्या पार्टची पावती पार्टच्या दुकानाच्या नावाची घ्या. सरळ माणूस मागायच्या आधीच जुना पार्ट पोत्यात बांधून देतो.

७) एक वही करा. तारीख, अवरमीटरचे तास, केलेले काम, पार्ट, खर्च. पुस्तिकेत दिलेल्या तासांना ऑइल आणि फिल्टर बदलला की नाही, हे वही सांगेल. मिस्त्री बदलला तरी वही आपल्याकडेच राहते.

पावतीचे महत्त्व

पावती मागितली की मिस्त्री रागावेल, असे पुष्कळांना वाटते. पैसे देऊन करून घेतलेली दुरुस्ती ही कायद्याने सेवा आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात आपण राहतो त्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ट्रॅक्टर भाड्याच्या धंद्याला लावला असेल, तर व्यापारी वापराचा मुद्दा समोरून निघू शकतो, हे ध्यानात असू द्या. पण कोणतीही तक्रार कागदावर उभी राहते. चिठोरी का होईना, तारीख आणि सही असलेली पावती हवी.

अर्थात आयोगाकडे जायची वेळ आली म्हणजे आपली निवड चुकलीच. आणि तोडलेला ऊस कोणत्याही आयोगाच्या निकालापर्यंत थांबत नाही. तो चोवीस तासांत गाळला गेला तर उत्तम. त्यापुढे दर दिवशी वजन घटते आणि रसातली साखर मोडत जाते. काट्यावर जे घटते ते आपले आणि उताऱ्यात जे घटते ते सगळ्या सभासदांचे.

म्हणून माझी विनंती अशी. गटाच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने आपल्या अनुभवातील एका चांगल्या मिस्त्रीचे नाव आणि त्याने केलेले एक काम सांगावे. कोणाची निंदा नको, फक्त चांगले नाव. आठ-दहा मालकांनी मिळून एका मिस्त्रीला उन्हाळ्याचे सगळे काम दिले आणि पैसे वेळेवर दिले, तर हंगामात तो आपल्या हाकेला धावून येईल. सहकाराने कारखाना उभा राहतो, तर एक मिस्त्री टिकवणे आपल्याला जड नाही.

आणि हो, यंदा खंडेनवमीला ट्रॅक्टर जरूर रंगवा. फक्त टाकीचे टोपण आधी काढून ठेवा.