नेम, वारा आणि उंची

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, गोदावरीच्या काठी, शहागड हे गाव वसले आहे. सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथे पुलावरून गोदावरी ओलांडतो. पलीकडच्या तीरावर बीड जिल्हा लागतो. या गोदाकाठच्या काळ्या रानांत रब्बीची ज्वारी होते. कणसांतला दाणा दुधावर आला की त्याच्यावर पाखरांचे थवे उतरू लागतात. अशा वेळी राखणीसाठी मराठवाड्यात पूर्वापार चालत आलेले साधन म्हणजे गोफण. राखणदार मचाणावर उभा राहतो, गोफणीत गुंडा ठेवतो, ती डोक्याभोवती दोनतीनदा गरगर फिरवतो आणि नेमक्या क्षणी दोरीचे एक टोक सोडून देतो. गुंडा सणसणत जातो आणि थव्याच्या अलीकडे किंवा पलीकडे पडतो.

एवढ्या क्षणभरात राखणदाराने तीन गोष्टी ताडलेल्या असतात. थवा किती दूर आहे, तो मचाणाहून किती खाली आहे आणि वारा कोणीकडून वाहतो आहे. त्याच्यापाशी मोजपट्टी नसते. मागचा गुंडा कोठे पडला हे त्याने पाहिलेले असते, आणि पुढच्या फेकीला तेवढा आधार त्याला पुरतो.

याच तीन गोष्टींचा विचार एका निराळ्या खेळातही करावा लागतो. तो खेळ म्हणजे गोल्फ. काठीने टोला मारून एक लहानसा चेंडू दूरवरच्या खळग्यात घालावयाचा, आणि तोही शक्य तितक्या कमी टोल्यांत, एवढाच या खेळाचा मुख्य नियम. चेंडूचे वजन ४६ ग्रॅमपेक्षाही किंचित कमी, आणि खळग्याचे तोंड सुमारे १०८ मिलिमीटर रुंद. खेळाचे मैदान मात्र एवढे विस्तीर्ण लागते की तेवढी हिरवळ खेड्यात कोण राखणार? ज्या पाण्यावर ऊस पिकेल ते पाणी गवताला घालणे कोणाही शेतकऱ्याला पटावयाचे नाही. परंतु आता हा खेळ मोबाइलच्या पडद्यावर उतरला आहे. इंटरनेटच्या साहाय्याने एका गावातला मुलगा दूरदेशीच्या प्रतिस्पर्ध्याशी तो खेळू शकतो. त्यासाठी हिरवळ लागत नाही. पण अंदाज मात्र लागतोच.

पडद्यावर खेळाडूला सामान्यतः तीन आकडे दिसतात. पहिला आकडा खळग्यापर्यंतच्या अंतराचा. दुसरा, खळगा चेंडूहून किती वर किंवा किती खाली आहे त्याचा. तिसरा वाऱ्याच्या वेगाचा. त्याच्याजवळ वाऱ्याची दिशा दाखविणारा बाण असतो. नवखा खेळाडू पहिलाच आकडा पाहतो आणि तेवढ्याच अंतराचा टोला मारतो. चेंडू भलतीकडे पडला म्हणजे तो बुचकळ्यात पडतो. पडद्यावर लिहिलेले अंतर आणि टोला मारावयाचे अंतर ही दोन निराळी असतात, हे त्याला अजून उमगलेले नसते.

प्रथम उंचीचे पाहू. समजा, खळगा १४० मीटर दूर आणि चेंडूपेक्षा ८ मीटर उंच अशा टेकाडावर आहे. चेंडू आकाशात चढून पुन्हा तिरपा खाली येतो. तो ४५ अंशांच्या कोनाने उतरत असेल, तर जितका खाली येतो तितकाच पुढे सरकतो. सपाट जमिनीवर १४० मीटरवर पडणारा चेंडू त्याच्या ८ मीटर अलीकडे, म्हणजे १३२ मीटरवर असताना ८ मीटर उंचीवर असतो. टेकाडाची जमीन त्याला तेथेच अडविते. म्हणून १४८ मीटरचा टोला मारला पाहिजे. खळगा खालच्या अंगाला असेल तर हाच हिशेब उलटा करावयाचा. मात्र सर्व काठ्यांना हा एकच हिशेब लागू पडत नाही. एखाद्या काठीने मारलेला चेंडू सपाट मार्गाने जातो आणि ३० अंशांच्या कोनाने उतरतो. त्या वेळी ८ मीटरच्या चढासाठी जवळजवळ १४ मीटर जास्त धरावे लागतात. उंच उडून सरळ खाली कोसळणाऱ्या चेंडूला तो चढ फारसा जाणवतच नाही.

वाऱ्याचे गणित याहून अवघड आहे. ते समजण्यासाठी गोदावरी ओलांडणारा नावाडी डोळ्यांसमोर आणावा. त्याला समोरच्या घाटावर जावयाचे असले, तरी तो नावेचे तोंड घाटाच्या वरच्या अंगाला धरतो. प्रवाह नाव खाली ओढणार, हे तो आधीच धरून चालतो. पात्र रुंद असेल तर ओढ अधिक वेळ लागते आणि नाव अधिक वाहवत जाते. आडव्या वाऱ्यात चेंडूचेही असेच होते. दीडशे मीटरचा टोला साधारण सहा सेकंद हवेत असतो. तो सबंध वेळ वारा त्याला ढकलीत राहतो. म्हणूनच उंच टोला वाऱ्याने जास्त भरकटतो, तर ठेंगणा टोला कमी. चतुर खेळाडू चेंडू खळग्याच्या रोखाने मारीत नाही. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला तो नेम सरकवितो आणि उरलेले काम वाऱ्यावर सोपवितो.

बाण तिरपा असेल तर वाऱ्याचे दोन भाग कल्पावे लागतात, एक समोरून येणारा आणि दुसरा बाजूने येणारा. कागदावर ७ सेंटिमीटर बाजूचा चौरस काढून त्याचा कर्ण मोजला, तर तो १० सेंटिमीटरला थोडासाच कमी भरतो. त्याचप्रमाणे ताशी १० किलोमीटर वेगाचा वारा बरोबर कोनाकोनी वाहत असेल, तर समोरून सुमारे ७ आणि बाजूने सुमारे ७ असा त्याचा परिणाम होतो. पुष्कळ खेळाडू १० चे निम्मे, म्हणजे ५, धरतात आणि तेथेच चुकतात.

समोरचा वारा जेवढे अंतर तोडतो, तेवढे पाठचा वारा वाढवीत नाही, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. गोल्फपटूंचा एक ढोबळ अडाखा असा की, ताशी १६ किलोमीटरच्या समोरच्या वाऱ्यासाठी अंतरात एकदशांश भर घालावी. तोच वारा पाठीमागून असेल तर विसावा हिस्सा वजा करावा. असे का व्हावे? याचे कारण चेंडूच्या फिरकीत आहे. गोल्फचा चेंडू पुढे जात असताना स्वतःभोवती उलटा फिरत असतो. त्या फिरकीमुळे हवा त्याला वर उचलून धरते. एडिंबरो येथील प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या विषयाचा कसून अभ्यास केला होता. त्यांचा मुलगा स्वतः नामांकित गोल्फपटू होता, तेव्हा घरातच या चर्चेला खतपाणी मिळत असावे! चेंडूच्या पृष्ठावर जे शेकडो बारीक खळगे दिसतात, ते शोभेसाठी नसतात. त्यांच्यामुळे हवेचा विरोध कमी होतो. गुळगुळीत चेंडू याच्या जवळजवळ निम्मेच अंतर जातो. आता समोरून वारा आला म्हणजे हवेचा विरोधही वाढतो आणि उचलही वाढते. चेंडू पुढे जाण्याऐवजी वर चढतो आणि वरच्यावर मंदावतो. पाठीमागून वारा आला तर विरोध कमी होतो खरा, पण उचलही घटते आणि चेंडू लौकर खाली येतो.

वरच्या उदाहरणात आणखी ताशी १६ किलोमीटरचा समोरचा वारा धरला, तर १४८ मध्ये सुमारे १५ मिळवावे लागतील. पडद्यावर लिहिलेले अंतर १४० मीटर आणि मारावयाचा टोला १६३ मीटरचा!

संगणक हे सारे कसे जमवितो? तो चेंडूच्या प्रवासाचे सेकंदाच्या लहान लहान अंशांत तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्यात पृथ्वीचे आकर्षण, हवेचा विरोध, फिरकी आणि वारा यांचा हिशेब करून तो चेंडूला किंचित पुढे सरकवितो. ही हवा अर्थात खेळ रचणाराने कल्पिलेली असते. एका खेळात वाऱ्याचा जोर अधिक धरलेला असतो, दुसऱ्यात कमी. त्यामुळे एका खेळातला अडाखा दुसऱ्यात जसाच्या तसा चालत नाही. जाणते खेळाडू जवळ वही ठेवतात. कोणती काठी, किती वारा, किती चढ आणि चेंडू किती अलीकडे वा पलीकडे पडला, हे ते टिपून ठेवतात. पन्नास टोल्यांची अशी नोंद झाली की अंदाज हळूहळू बसू लागतो.

खऱ्या मैदानावर वाऱ्याचा आकडा कोणी लिहून ठेवीत नाही. खेळाडू चिमूटभर गवत उपटून हवेत सोडतो आणि ते कोणीकडे उडते ते पाहतो. तेवढ्याने भागत नाही, कारण जमिनीलगत झाडांच्या आडोशाने वारा मंद असतो आणि चेंडू तर झाडांच्याही वर जातो. म्हणून तो झाडांच्या शेंड्यांकडेही नजर टाकतो. अशा शेकडो लहान निर्णयांतून एखादा टोला इकडचा तिकडे होतो. सन २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची अदिती अशोक चार दिवसांच्या खेळानंतर चौथी आली. कांस्यपदक तिच्यापासून अवघ्या एका टोल्याने दूर राहिले.

वारा मुळीच नसेल अशी जागा पृथ्वीवर सापडणे कठीण. परंतु अशा जागीही एकदा गोल्फ खेळला गेला आहे. ६ फेब्रुवारी १९७१ रोजी अपोलो १४ या यानातून चंद्रावर गेलेले अंतराळवीर ॲलन शेपर्ड यांनी तेथे दोन चेंडू टोलविले. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे वारा नाही, हवेचा विरोध नाही आणि फिरकीने मिळणारी उचलही नाही. आकर्षण मात्र पृथ्वीच्या एकषष्ठांश. चांगला टोला बसता तर चेंडू खूपच दूर गेला असता. पण शेपर्ड यांच्या अंगावर जाड, ताठ पोशाख होता आणि काठी एकाच हाताने फिरवावी लागत होती. पुढे छायाचित्रांवरून मापे घेतली, तेव्हा दुसरा चेंडू ४० मीटरही गेला नव्हता असे दिसून आले. ते दोन्ही चेंडू चंद्राच्या धुळीत तसेच पडून आहेत.