संगणकाचा आवाज, हेडफोन आणि दुकानदाराचे माप

रेडिओ-टेप दुरुस्तीचा धंदा ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की, ग्राहक फक्त "आवाज बिघडलाय" एवढेच सांगतो. बिघाड कोठे आहे हे शोधणे उस्तादाचे काम. टेपच्या काळात हेडवर धूळ बसलेली असे किंवा पट्टा सैल झालेला असे. आता ग्राहक लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन येतो, पण तक्रार तीच असते. गाण्यामागे बारीक 'सूं' ऐकू येते, माउस हलवला की किरकिर होते, नाहीतर आवाज पूर्ण वाढवूनही तो कानाला पुरत नाही.

या तक्रारीवर बाजारात एक लहानशी वस्तू मिळते. तिला डॅक म्हणतात. पेन ड्राइव्हएवढी किंवा बोटभर वायरीएवढी ही वस्तू यूएसबीला जोडायची आणि हेडफोन तिच्यात लावायचा. आमच्या वाचकांत इलेक्ट्रॉनिक मालाचे दुकानदार आहेत, मोबाइल दुरुस्त करणारे तरुण आहेत, लग्नाच्या व्हिडिओचे काम करणारेही आहेत. ही वस्तू कोणी विकावी, कोणी घ्यावी आणि कोणी घेऊ नये, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

ही वस्तू करते काय?

संगणकात गाणे आकड्यांच्या रूपाने साठवलेले असते. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांची सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यात डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूच्या आवाजाची सेकंदाला ४४,१०० मापे घेतलेली असतात. या आकड्यांचा पुन्हा विजेचा प्रवाह करायचा आणि तो हेडफोनला द्यायचा, हे डॅकचे काम आहे.

आता कोणी विचारील की, संगणकात ही सोय आधीपासून नाही काय? आहे. हेडफोनचे भोक ज्या संगणकाला आहे त्याच्या पोटात डॅक असतोच. अडचण जागेची आहे. तेथे त्याच्या शेजारी प्रोसेसर, पंखा आणि वीज कमी-जास्त करणारी मंडले एकाच पट्टीवर दाटीने बसवलेली असतात. त्यांची खरखर आवाजाच्या नाजूक प्रवाहात शिरते. डॅक पेटीबाहेर आला की हा शेजार सुटतो. शिवाय चांगल्या बनावटीच्या डॅकमध्ये छोटा अँप्लिफायरही असतो.

अशा खिशात मावणाऱ्या वस्तूंचे नाव २०१२ साली आलेल्या ऑडिओक्वेस्टच्या ड्रॅगनफ्लायमुळे बरेच झाले. २०१६ साली ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचे भोक काढून टाकले. पुढे इतर अनेक कंपन्यांनी तेच केले आणि असे छोटे ॲडाप्टर घरोघर पोचले. ॲपलने २०१८ साली आणलेल्या टाइप-सी ॲडाप्टरची अमेरिकेतील किंमत ९ डॉलर होती. त्यातही डॅकच आहे. म्हणजे किंमत मोठी तेवढा आवाज चांगला, असे गणित येथे चालत नाही.

आधी बिघाड शोधा

ग्राहकाच्या हाती नवी वस्तू देण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, दुसरा हेडफोन लावून पाहावा. पुष्कळदा वायर पिनजवळ तुटलेली असते. दुसरी, संगणकाचे भोक साफ करून पिन हलवून पाहावी. आवाज एका कानातून येतो-जातो असे झाले तर भोक झिजले आहे किंवा आतला टाका सुटला आहे. तेथे सोल्डरिंगचे काम आहे, डॅकचे नव्हे. तिसरी, चार्जर काढून पाहावा. घरघर थांबली तर दोष चार्जरकडे किंवा अर्थिंगकडे आहे. लॅपटॉप मिक्सरला जोडून काम करणाऱ्यांना हा त्रास फार होतो. चौथी, संगणकातील आवाज 'सुधारणारे' इफेक्ट बंद करून पाहावेत.

गाणेच दाबून लहान केलेले असेल तर कोणताही डॅक त्यातले गेलेले परत आणीत नाही. फाटक्या कापडाला इस्त्री केली म्हणून ते धड होत नाही.

ओहमचा हिशेब

काही ग्राहकांना मात्र या वस्तूची खरी गरज असते. कानात घालायचे साधे इअरफोन बहुधा १६ किंवा ३२ ओहमचे असतात. स्टुडिओत वापरले जाणारे काही मोठे हेडफोन २५० किंवा ३०० ओहमचे असतात. सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे. एक व्होल्ट दाब ३२ ओहमला सुमारे ३१ मिलिवॉट देतो, तर ३०० ओहमला जेमतेम ३.३ मिलिवॉट. तोच दाब दोन व्होल्ट केला तर ३०० ओहमला सुमारे १३ मिलिवॉट मिळतात. म्हणून मोठ्या हेडफोनवाल्याला दोन व्होल्ट देणारा डॅक उपयोगी पडतो. साध्या इअरफोनला एक व्होल्ट पुष्कळ झाला. दुकानदाराने खोक्यावरचे हे दोन आकडे वाचायला शिकावे.

तराजूखालचे बोट

आता मुख्य गोष्ट. एका दुकानात आम्हाला दोन डॅक ऐकवण्यात आले. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या तिप्पट होती. त्याचा आवाज आम्हाला भरदार आणि साफ वाटला. आम्ही तो घेतला. पुढे ओळखीच्या एका मेकॅनिकने तोच स्वस्तातला डॅक आणून दोन्हींचा आवाज मापून सारखा केला. मग कोठला कोठला हे आम्हाला सांगता येईना. दुकानात महाग डॅक थोडा मोठ्या आवाजात लावला होता, एवढाच फरक होता.

माणसाच्या कानाची रीतच अशी आहे की, जरा मोठा आवाज त्याला चांगला आवाज वाटतो. हे जाणून माल खपवणे म्हणजे पारड्याखाली बोट लावणे होय. वजनातली लबाडी एखादे वेळी पकडली जाते, कारण वजनकाटा दुसरीकडेही असतो. ही लबाडी ग्राहकाला सहसा कळत नाही. पण ज्याला एकदा कळते, तो त्या दुकानाची पायरी पुन्हा चढत नाही. आम्हीही चढलो नाही.

माप करणे अवघड नाही. संगणकावर १०० हर्ट्झचा एकच सूर लावावा. हेडफोन जोडलेला ठेवून दोन व्होल्टची एसी रेंज असलेल्या मल्टीमीटरने दाब पाहावा. दोन्ही वस्तूंवर आकडा सारखा आला की मग गाणे ऐकवावे. ग्राहकाला त्याच्याच लॅपटॉपवर आणि त्याच्याच हेडफोनवर ऐकू द्यावे. फरक कळला तर तो आनंदाने घेईल. नाही कळला तर "भाई, तुम्हाला याची गरज नाही" असे सांगण्याची हिंमत दुकानदाराने ठेवावी.

कारागिरांसाठी

२०११ साली एका अनामिक इंजिनिअरने 'ओ-टू' नावाच्या हेडफोन अँप्लिफायरचा नकाशा जगाला खुला करून दिला, आणि अनेकांनी तो घरी टाके घालून बनवला. हात बसलेल्या तरुणांनी असे एखादे मंडल स्वतः जोडून पाहावे. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेत मिळतात. विकण्यापेक्षा शिकण्यासाठी हे करावे. ज्याने वस्तू आतून पाहिली आहे त्याला तिच्याविषयी खोटे सांगणे जड जाते.

दिवसभर हेडफोन लावून जरीकाम किंवा घड्याळदुरुस्ती करणाऱ्यांना एक सूचना. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. साफ आवाजाचा खरा फायदा हाच की, तो कमी ठेवूनही ऐकता येतो. ग्राहकाला वस्तू देताना दुकानदाराने एवढे जरूर सांगावे. त्याचे कान शाबूत राहिले तरच तो उद्या पुन्हा दुकानात येईल.