इटालियन हॉटेलाची पायरी चढताना

येडशीच्या चौकात हॉटेलांची वाण नाही. सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा महामार्ग आणि बार्शी-लातूर रस्ता इथे एकमेकांना छेदतात. त्यामुळे चहाची टपरी, भजी, मिसळ, रात्रीचा ढाबा हे सारे आपल्या माणसांच्या अंगवळणी पडलेले आहे. अवघडल्यासारखे होते ते निराळ्याच ठिकाणी. मुलगा किंवा मुलगी शिकून पुण्याला नोकरीला लागते, पहिला पगार हाती येतो आणि आईवडिलांना घेऊन ती एखाद्या आडगल्लीतल्या, आठ-दहा टेबलांच्या लहानशा इटालियन हॉटेलात जाते. दारावर इंग्रजी पाटी, आत मंद दिवे, मेनूकार्डावर जिभेवर न बसणारी नावे! आई पदर सावरत हळूच म्हणते, "आपल्याला इथलं काय कळणार? चल, बाहेर वडापाव खाऊ."

अशी माउली आपल्या घरोघरी आहे. तिच्या या संकोचाला हसू नये. त्यामागे मोठा इतिहास आहे, आणि तो नीट कळला तर संकोच जायलाही मदत होईल.

हॉटेलचे बंद दार

परदेशात शिकून आलेले बाबासाहेब 1917 साली बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला हिंदू हॉटेल मिळाले नाही. पारशी नाव धारण करून त्यांना पारश्यांच्या सराईत उतरावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना तिथूनही बाहेर काढले गेले. एवढ्या विद्वान माणसाची ही गत, तर खेड्यातल्या मजुराची काय असेल? आपल्या मराठवाड्यातही चहाच्या हॉटेलात आपल्या माणसाला वेगळी कपबशी असे. बाहेर उकिडवे बसून प्यायचे, कप स्वतःच विसळून ठेवायचा आणि पैसे मात्र सर्वांइतकेच द्यायचे! आपल्या आजोबांच्या पिढीने हे भोगले आहे.

26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा उल्लेख नावानिशी केलेला आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही तिथे मज्जाव करता येत नाही. पुढे 1955 चा कायदा आला, तोच आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. अस्पृश्यतेच्या भावनेने हॉटेलात प्रवेश नाकारणे किंवा तिथली भांडी वापरू न देणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरतो. त्याला कमीत कमी एक महिना आणि जास्तीत जास्त सहा महिने कैद व वर दंडही आहे. म्हणजे हॉटेलची खुर्ची आपल्याला कोणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. आता जातीची कडी निघाली तरी भाषेची, पैशाची आणि सवयीची कडी काही ठिकाणी उरली आहे. ती आपली आपणच काढायची आहे.

श्रमिकांच्या चुलीवरचे अन्न

इटालियन जेवण म्हणजे बड्या लोकांचे खाणे, ही समजूत आधी मनातून काढून टाकावी. पिझ्झा वाढला तो नेपल्स शहराच्या गरीब वस्तीत. गोदीतले हमाल, हातगाडीवाले, मजूर यांना रस्त्यावर उभ्या-उभ्या, कमी पैशात पोट भरणारे काहीतरी हवे असे. भाजलेली जाड पोळी, वर थोडे तेल, लसूण, टोमॅटो, आणि परवडले तर चीज! तिथे पिझ्झा उधारीवरही मिळत असे. आज खायचा आणि पैसे आठ दिवसांनी चुकवायचे. त्या उधारीच्या पिझ्झ्याला नावच 'आजपासून आठ' असे पडले होते. मुंबईच्या गिरणगावातील खानावळीत महिन्याचे खाते ठेवून जेवणाऱ्या आपल्या गिरणी कामगाराला हा हिशेब काही नवा वाटणार नाही.

इटलीत गल्लीबोळातल्या घरगुती खानावळीला 'त्रात्तोरिया' म्हणतात. घरचाच कोणी स्वयंपाक करतो, घरचेच कोणी वाढते आणि गिऱ्हाईक बहुधा शेजारपाजारचे असते. आपल्याकडे गिरणगावात बायकांनी राहत्या खोलीत अशाच खानावळी चालवल्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना एकत्र आणले आणि सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत पोहोचवले. नेपल्स असो की परळ, घामाचे पैसे मोजणाऱ्याला पोटभर जेवू घालणारी चूल एकाच जातकुळीची असते.

भारतात मोठ्या पिझ्झा कंपन्या 1996 साली आल्या, डॉमिनोज दिल्लीत आणि पिझ्झा हट बंगळुरूत. त्यांच्या जाहिरातींमुळे या पदार्थाला श्रीमंती थाट चढला. मूळ पदार्थ मात्र कष्टकऱ्यांचाच आहे.

चव तर आपल्या ओळखीची

पास्ता म्हणजे काय? कणीक मळून, लाटून वा वळून, आकार देऊन पाण्यात शिजवायची. आपल्या घरी चकोल्या होतात, कोणी त्यांना वरणफळे म्हणतात. कुळथाच्या पिठाचे शेंगोळे होतात. उन्हाळ्यात बाया एकत्र बसून शेवया आणि बोटवे वळतात. लग्नाघरी रव्याचे इवलेसे गव्हले होतात. इटलीतही अगदी धान्याच्या दाण्याएवढा पास्ता असतो. त्याला 'ओर्झो' म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थच मुळी जव! सुका पास्ता कठीण गव्हाच्या रव्याचा करतात. आपल्याकडे बन्सी म्हणतात तो गहू त्याच जातीचा. आपला खपली गहूही तिकडे 'फार्रो' या नावाने सूपात पडतो.

'पेस्तो' नावाची हिरवी चटणी पाहा. त्या शब्दाचे मूळ ठेचणे या क्रियेत आहे. खलबत्त्यात लसूण, पाने, चीज आणि तेल घालून ती ठेचतात. म्हणजे त्यांचा ठेचाच की! फक्त मिरचीच्या जागी तुळशीच्या जातीतला एक पाला असतो. फालुद्यात घालतात तो सब्जा म्हणजे त्याच झाडाचे बी. ज्या टोमॅटोवाचून इटालियन स्वयंपाक चालत नाही तो मुळात अमेरिका खंडातला, आणि ज्या मिरचीवाचून आपले कालवण होत नाही तीही तिथलीच. दोन्ही पाहुण्यांना दोन्ही देशांच्या गरिबांनी घरचे करून घेतले.

मेनूकार्ड हातात आल्यावर

- आधी किमतीचा रकाना वाचा. त्यात लाज कसली? एक पिझ्झा बहुधा दोघांना पुरतो. चौघांत दोन पदार्थ मागवून वाटून खावेत.
- लाल सॉस टोमॅटो-लसणाचा असतो आणि तो आपल्या जिभेला लवकर रुचतो. पांढरा सॉस दूध, लोणी आणि मैद्याचा असल्यामुळे सौम्य व पोटाला जड असतो.
- पास्ता दाताखाली किंचित कडक लागेल. तो कच्चा राहिलेला नसतो, तशीच पद्धत आहे. मऊ हवा असेल तर आधी सांगावे.
- 'रिसोत्तो' म्हणजे मऊ, सरसरीत भात. म्हाताऱ्या माणसांसाठी तो चांगला.
- हॅम आणि बेकन हे डुकराचे मांस. कशात कोणते मांस आहे ते विचारून घ्यावे.
- काही सॉसमध्ये वाईन असते आणि 'टिरामिसू' या गोड पदार्थात पुष्कळदा दारू घालतात. पंचशील पाळणाऱ्यांनी आणि लहान मुले बरोबर असणाऱ्यांनी आधी विचारावे.
- पिझ्झ्याचा तुकडा हाताने उचलून खाल्ला तरी चालतो. काट्याने जमत नसेल तर चमचा मागावा.
- बिल तपासून घ्यावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये बजावले आहे की, सर्व्हिस चार्ज गिऱ्हाइकावर आपोआप लादता येत नाही. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ही भूमिका उचलून धरली. जीएसटी हा मात्र सरकारी कर आहे, तो द्यावाच लागतो.

वेटरला एखाद्या पदार्थाचा अर्थ विचारण्यात कमीपणा नाही. ते सांगणे त्याचे कामच आहे. तोही बहुधा आपल्यासारखाच कुठल्यातरी गावाहून पोटासाठी आलेला असतो. त्याच्याशी अदबीने बोलावे. ज्यांनी अपमान गिळले त्यांच्या मुलांनी खुर्चीवर बसून दुसऱ्याचा अपमान करू नये.

आता शिकलेल्या मुलामुलींसाठी चार शब्द. आईने नाव चुकीचे उच्चारले म्हणून मित्रांसमोर तिला टोकू नका. तिने कधी पास्ता खाल्ला नसेल, पण चकोल्यांची कणीक किती घट्ट मळायची हे तिला तुमच्या त्या हॉटेलातल्या आचाऱ्याइतकेच कळते. घरच्या चकोल्यांची लाज वाटू लागली तर बाहेरचा पास्ता खाऊन काय मिळवले? दोन्ही ताटांचा मान सारखाच ठेवावा.

आपल्या ऐपतीबाहेर जाऊन, कर्ज काढून हॉटेलात खावे असे कोणी म्हणणार नाही. जमेल तेव्हा, जमेल तेवढे करावे. पण त्याच्याही पुढचा विचार व्हायला हवा. आपली कितीतरी पोरे शहरातल्या हॉटेलांत भांडी घासतात, भाज्या चिरतात, पीठ मळतात. त्यांनी तिथेच थांबू नये. भट्टीपाशी उभे राहून काम शिकावे, हिशेब शिकावा, खाद्यपदार्थांचे रीतसर प्रशिक्षण घ्यावे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ 1978 सालापासून आहे. तिथे जाऊन कर्जयोजनांची चौकशी करावी. वेगळ्या कपबशीतून चहा प्यायलेल्या आजोबांचा नातू उद्या आपल्या येडशीच्या चौकात स्वतःच्या हॉटेलच्या गल्ल्यावर बसावा. आणि त्याच्या हॉटेलात सगळ्यांना एकाच कपबशीतून चहा मिळावा.