एरियलचे शेजारी



कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने बिनतारी यंत्रावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. आम्ही कॉलेजात विज्ञान शिकलो नाही. जुनी पुस्तके वाचून आणि जाणकारांना विचारून जे कळले तेवढेच सांगणार आहोत. तथापि चळवळीने एक गोष्ट आम्हांला पक्की शिकवली. काम बिघडले की आधी माणसाला दोष दिला जातो, मग यंत्राला. आजूबाजूची परिस्थिती कोणी पाहतच नाही. हौशी रेडिओच्या छंदातही हेच घडते. वसाहतीतला एखादा तरुण परीक्षा देऊन परवाना मिळवतो, पगारातून पैसे साठवून संच घेतो, गच्चीवर तार ताणतो, आणि त्याचा आवाज सोलापूरलासुद्धा पोहोचत नाही. लोक म्हणतात, संच बदल. तो पुन्हा कर्ज काढतो. खरा दोष पुष्कळदा त्या तारेच्या शेजारपाजारात असतो, आणि तो ओळखायला एक पैसाही लागत नाही.

प्रथम लांबीचा हिशेब समजून घेऊ. 300 ला मेगाहर्ट्‌झच्या आकड्याने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. हौशी मंडळींच्या खालच्या पट्ट्यांना म्हणूनच 160, 80 आणि 40 मीटरचे पट्टे म्हणतात. उभी एरियल नीट चालायला तिची उंची लहरीच्या एक चतुर्थांश असावी लागते. म्हणजे 160 मीटरसाठी 40 मीटर, सुमारे बारा-तेरा मजल्यांच्या इमारतीएवढी! भिगवणात एवढा खांब कोण उभारणार? म्हणून बहुतेकांची एरियल तोकडी असते, आणि तोकड्या एरियलला शेजारी जास्त जाचतात.

हे शेजार किती दूरवर पसरते? एरियलभोवती लहरीच्या सुमारे एक षष्ठांश अंतरापर्यंत वीज आणि चुंबकत्व यांची देवघेव चाललेली असते. तिथली ऊर्जा अजून पुरती सुटून गेलेली नसते. हातातल्या छोट्या संचावर, 2 मीटरच्या लहरीला, हे अंतर जेमतेम फूटभर. 80 मीटरला ते सुमारे 13 मीटर आणि 160 मीटरला 25 मीटर. या वर्तुळात आलेली प्रत्येक धातूची वस्तू त्या एरियलचाच भाग बनते. आपल्या घराची भिंत ओलांडून शेजाऱ्याचे पत्रे, कुंपण, पाण्याची लोखंडी नळी आणि विजेच्या तारा या संसारात सामील होतात.

सारेच शेजारी सारखे नसतात. सतारीत वाजवायच्या तारांखाली तरफेच्या तारा असतात. वरची तार छेडली की त्यांतली जी त्या सुराला लावलेली असेल तीच गुंजते, बाकीच्या गप्प राहतात. धातूचेही तसेच. जमिनीत रोवलेला 20 मीटरच्या आसपासचा खांब 80 मीटरच्या लहरीला सुरात लागतो, आपल्या एरियलची शक्ती ओढून घेतो आणि स्वतः पुन्हा फेकतो. त्यामुळे एका दिशेला आवाज वाढतो, दुसरीकडे पडतो. हेच तत्त्व जपानच्या यागी आणि उडा यांनी 1926 साली कामाला लावले. मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झाल्यावर घराघरांवर जे आडव्या नळ्यांचे अँटेना आले, त्यांत एकाच नळीला वायर जोडलेली असे. तिच्या मागची थोडी लांब नळी आणि पुढच्या थोड्या आखूड नळ्या हे निव्वळ शेजारीच, पण योग्य अंतरावर बसवलेले. शेजारी बिघडवतो तसा साथही देतो.

पत्र्याच्या छपराची गोष्ट वेगळी आहे. त्यावर हातभर उंचीवर आडवी तार ताणली, तर तारेतल्या प्रवाहाच्या उलट प्रवाह पत्र्यात निर्माण होतो आणि दोघे मिळून एकमेकांना पुसून टाकतात. स्लॅबमधल्या सळ्याही थोडेफार तेच करतात. उपाय साधा: तार उंच न्या, नाही तर छपरापासून बाजूला काढा. कोरडी वीट आणि कोरडे लाकूड यांचा त्रास थोडा. ओल्या झाडाचा अधिक. विशेषतः तारेचे टोक फांदीला टेकू देऊ नये, कारण तिथेच विजेचा दाब सर्वांत जास्त असतो.

सर्वांत मोठा शेजारी म्हणजे पायाखालची जमीन. पूर्ण उंचीच्या उभ्या एरियलचा उपयोगी रोध सुमारे 36 ओहम असतो. जमिनीने 14 ओहम खाल्ले, तर बेरीज बरोबर 50. संचालाही 50 च हवे असतात, म्हणून मीटर उत्तम जुळणी दाखवतो. प्रत्यक्षात 100 वॉटमधले 28 मातीत गेलेले असतात. आता एरियलच्या बुडापासून चहूकडे तांब्याच्या तारा पसरून तोटा 4 ओहमवर आणला, तर मीटर किंचित नाराज होतो, पण 90 वॉट बाहेर पडतात. मीटर खूश म्हणजे काम फत्ते, असे समजू नये. तोकड्या एरियलची दशा तर विचारू नका. 160 मीटरसाठी 10 मीटरची साधी उभी तार घेतली, तर उपयोगी रोध जेमतेम दीड ओहम. त्याच जमिनीवर 100 वॉटमधले दहाही बाहेर पडत नाहीत. भीमाकाठची काळी ओली जमीन त्यातल्या त्यात उदार; माळावरचा मुरूम वैशाखात फार कंजूष. म्हणून मोजमाप उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, दोन्ही वेळा करावे.

ऐकण्याची बाजू निराळी. तिथे शक्ती कमी पडत नाही, गोंगाट जास्त होतो. आमच्या शेजारचे दौंड या बाबतीत आठवावे. 1927 साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी सेवा सुरू झाली, तेव्हा संदेश पाठवण्याचे केंद्र खडकीला आणि घेण्याचे दौंडला होते. बोलणारे तोंड आणि ऐकणारा कान इतके दूर ठेवले, कारण पाठवणारे बलाढ्य यंत्र शेजारी असले की सातासमुद्रापलीकडचा क्षीण आवाज ऐकू येत नाही. पुढे जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळ 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली, तीही शहरी गोंगाटापासून दूर जागा पाहूनच.

आपल्याला गाव सोडून जाता येत नाही. पण गोंगाट कुठला आहे हे शोधता येते. संच बॅटरीवर चालवा आणि घराचा मुख्य स्विच बंद करा. खरखर थांबली तर चोर घरातच आहे: एखादा एलईडी दिवा किंवा मोबाइलचा चार्जर. थांबली नाही तर छोटा ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर लावून हिंडावे. तो फिरवला की एका दिशेला आवाज अगदी पडतो, त्यावरून उगमाची रेषा कळते. मग शेजाऱ्याकडे भांडायला न जाता, पुरावा घेऊन बोलायला जावे. बदल करताना एका वेळी एकच करावा आणि वहीत टिपावा.

एवढा खटाटोप एका छंदासाठी कशाला, असे कोणी विचारील. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामी आली तेव्हा अंदमानात हौशी रेडिओवाल्यांचा एक चमू योगायोगाने हजर होता. नेहमीचे दळणवळण कोलमडले असताना त्यांच्या संचांवरून बेटांची खबर बाहेर गेली. अशा दिवशी तार कशीबशी, मिळेल त्या जागी ताणावी लागते. कुठे ताणू नये हे ज्याला आधीच ठाऊक असेल त्याचाच निरोप पोहोचतो.

शेवटी एका शेजाऱ्याविषयी ताकीद. विजेच्या लाइनखाली, लाइनवर किंवा खांब पडला तर तो लाइनला लागेल इतक्या अंतरावर एरियल कधीही उभारू नये. खांबाची उंची मोजा, त्याहून बरेच जास्त अंतर सोडा, आणि खांब एकट्याने उभा करू नका. बाकीचे शेजारी फक्त आवाज खातात. हा माणूस खातो.