वाटीभर उरलेलं पाणी

मिनेसोटात ऑक्टोबर लागला, की लेक सुपीरियरच्या काठची मेपलची पानं गळायला लागतात आणि स्टेट पार्कांतले बाहेरचे नळ बंद होतात. आमच्यासारख्या कॅम्पर व्हॅन बाळगणाऱ्यांना एवढी सूचना पुरते. व्हॅनमध्ये पाण्याची टाकी असते, १२ व्होल्टवर चालणारा पंप, छोटा गिझर, ओट्यावरचा नळ, शॉवर, कमोड आणि हे सगळं जोडणाऱ्या नळ्या. ही सगळी व्यवस्था हिवाळाभर अंगणात, कसल्याही उबेशिवाय उभी राहायची असते. याच राज्यातल्या टॉवर गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ रोजी पारा उणे ५१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. दरवर्षी तेवढी थंडी पडत नाही. पण इथल्या जानेवारीला उणे वीसचं काही अप्रूप नाही.

आपली तरुण मुलं आता हौसेनं जुन्या व्हॅन विकत घेतात. त्यांचे फोन येतात, "काकू, टाकीची तोटी उघडून सगळं पाणी सोडलं. झालं ना?"

मी विचारते, "टाकीचं राहू दे रे. पंपात काय उरलंय?"

माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. टाकीच्या तळाशी थोडं पाणी राहिलंच, तर त्या बर्फाला वर सरकायला मोकळी जागा असते. नळीत ती नसते. तिथे बर्फाचा खडा एका जागी धरतो, वाढत जातो, आणि तो खडा व बंद नळ यांच्या मधलं न गोठलेलं पाणी कोंडलं जातं. त्या कोंडलेल्या पाण्यात दाब चढत राहतो. म्हणूनच नळी पुष्कळदा बर्फ धरला त्या जागी न फुटता तिथून लांब, एखाद्या कच्च्या जोडाशी फुटते. हल्लीच्या पेक्स प्लास्टिकच्या नळ्या थोड्या ताणल्या जातात आणि तगतात. पंपाचं डोकं, गाळणीचं पारदर्शक भांडं, शॉवरचा व्हॉल्व्ह मात्र ताणले जात नाहीत. ते तडकतात, आणि त्यासाठी वाटीभर पाणीसुद्धा लागत नाही. चीर इतकी बारीक असते, की बर्फ वितळेपर्यंत पत्ताच लागत नाही. एप्रिलमध्ये पंप सुरू केला, की पाणी लाकडी तक्तपोशीच्या मागे झिरपायला लागतं.

तर आधी सगळं पाणी सोडायचं. सांडपाण्याच्या टाक्या डंप स्टेशनवर नेऊन रिकाम्या करून धुवायच्या, गोड्या पाण्याची टाकी मोकळी करायची; यात शिकण्यासारखं फारसं काही नाही. गिझरशी मात्र घाई नको. गॅस आणि वीज बंद करून तो पूर्ण थंड होऊ द्यावा, वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून दाब सोडावा, मगच खालचं बूच काढावं. नाहीतर कढत पाणी थेट अंगावर येतं. पोलादी टाकीच्या गिझरमध्ये बहुधा बुचालाच मॅग्नेशियमची कांडी जोडलेली असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजू देत नाही, तेव्हा बूच हातात आलंच आहे तर तिच्याकडेही पाहावं आणि फारच झिजली असेल तर बदलावी. ट्रुमा कंपनीच्या काही गिझरना ३ अंशांच्या आसपास आपोआप उघडून टाकी रिकामी करणारा व्हॉल्व्ह असतो. फार चांगली सोय आहे, पण तो गिझरला वाचवतो. पंपातलं पाणी पंपातच राहतं.

मग काँप्रेसरची हवा. ३० ते ४० पीएसआयच्या वर दाब नेऊ नये आणि एका वेळी एकच नळ उघडावा. हवा बरंचसं पाणी हाकलते, पण नळ्यांच्या सखल भागात ते पुन्हा जमतं आणि पंपाच्या पडद्यापाशी थोडं राहतंच. काही जण इथेच थांबतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ते चालेलही. मिनेसोटात मला ते मान्य नाही. इथे नळ्यांमध्ये गुलाबी अँटीफ्रीझ भरायलाच हवं.

त्याच्या कॅनवर उणे ५० अंश लिहिलेलं असतं. ते फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे ४६ सेल्सिअस. आणि ते नळ्या न फुटण्याचं तापमान आहे. द्रव त्याच्या पुष्कळ आधी घट्ट होऊन भुसभुशीत लगद्यासारखा होतो. तो रेटून फुगत नाही, म्हणून चालतं. मात्र नळ्यांत राहिलेलं पाणी त्यात मिसळलं, की तो पातळ होतो आणि कॅनवरचा आकडा खरा राहत नाही. पाणी आधी नीट काढून टाकायचं ते यासाठी.

आता एक गोष्ट मी जरा कठोरपणे सांगणार आहे, कारण माझी सगळी नोकरी औषधनिर्मितीत झाली. या कामाला प्रॉपिलिन ग्लायकॉलच लागतं. तेच शुद्ध रूपात औषधांत आणि खाद्यपदार्थांतही वापरतात. गाडीच्या रेडिएटरमध्ये बहुधा एथिलिन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि मूत्रपिंडाला घातक. मुलांना आणि कुत्र्यांना त्याचा विशेष धोका. नावं जवळची, रंगही जवळचे: रेडिएटरचे काही कूलंट गुलाबीच असतात. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलिन ग्लायकॉल निघालं, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीने औषधखात्याचा कारभार चव्हाट्यावर आला. त्या काळात या व्यवसायात शिरलेल्या माणसाचा रंगावर आणि नावाच्या उत्तरार्धावर विश्वास बसत नाही. कॅनवरचं बारीक अक्षर वाचा. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठी असं स्पष्ट लिहिलेलं हवं. स्वस्त कॅनमध्ये कधी इथेनॉल असतं. ते पेट घेतं आणि रबरी वॉशर सुकवतं, म्हणून मी तेही घेत नाही.

भरण्याआधी गिझरचा बायपास फिरवायचा, नाहीतर निव्वळ गिझर भरायलाच वीसेक लिटर द्रव जाईल. पाण्याच्या फिल्टरची कांडीही काढून ठेवायची. मग पंपाची आत येणारी नळी टाकीपासून सोडवून थेट कॅनमध्ये बुडवायची आणि पंप सुरू करायचा. एकेक नळ उघडायचा, आधी थंड, मग गरम, आणि धार चांगली गुलाबी होईपर्यंत थांबायचं. छोट्या व्हॅनला दोन-तीन गॅलन, म्हणजे आठ ते अकरा लिटर पुरतात. कमोड फ्लश करायचा. बाहेरचा शॉवर बहुतेक जण विसरतात, कारण तो झाकणाआड असतो. बाहेरून पाणी घ्यायच्या जोडणीचंही तसंच. शेवटी सिंकच्या आणि शॉवरच्या मोरीत कपभर द्रव ओतायचा, कारण खालच्या वळणात पाणी कायम साठलेलं असतं. गिझरच्या स्विचवर 'टाकी रिकामी' अशी चिठ्ठी चिकटवायची. रिकाम्या गिझरची वीज कुणी सुरू केली, तर आतला एलिमेंट बघता बघता जळतो.

वसंतात नळ्या फेस आणि गुलाबी झाक जाईपर्यंत धुवायच्या. त्यानंतर १५ गॅलन टाकीला पाव कप साधं, बिनवासाचं ब्लीच, भरपूर पाण्यात मिसळून, या प्रमाणात सगळी व्यवस्था भरायची, रात्रभर तशीच ठेवायची आणि वास जाईपर्यंत पुन्हा धुवायची. मग बायपास पूर्ववत करून गरम नळातून अखंड धार येऊ द्यायची, म्हणजे गिझर भरल्याची खात्री होते. चिठ्ठी त्यानंतर काढायची.