आठ दिवसांत निम्मी होणारी शिल्लक

बँकेच्या सेवेत माझी ३४ वर्षे गेली. त्यांतील बराच काळ तिजोरीची एक किल्ली माझ्याकडे असे आणि दुसरी रोखपालाकडे. दोघांनी मिळून उघडल्याशिवाय तिजोरी उघडत नसे आणि दिवसअखेर शिल्लक जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. अशी शिस्त केवळ पैशासाठीच असते, ही माझी समजूत थोरल्या वहिनींच्या आजारपणात दूर झाली.

वहिनींचे वय ६१. थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा अधिक काम करू लागल्याने छातीत धडधड, हातांना कंप आणि झपाट्याने घटणारे वजन, असा त्रास सुरू झाला. गोळ्यांनी पुरेसा उतार पडेना, तेव्हा डॉक्टरांनी किरणोत्सर्गी आयोडीन देण्याचे ठरवले. थायरॉईड ग्रंथी रक्तातील आयोडीन स्वतःकडे ओढून घेते. ते आयोडीन किरणोत्सर्गी असेल, तर त्याच्या किरणांनी ग्रंथीतील अतिकाम करणाऱ्या पेशी नष्ट होतात. शस्त्रक्रिया नाही, टाके नाहीत. एक कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची, एवढाच उपचार.

परंतु ‘किरणोत्सर्गी’ हा शब्द ऐकताच घरात दोन तट पडले. कुटुंब एकत्र, सूनबाईंना पाचवा महिना, दोन वर्षांचा नातू रात्री आजीच्याच कुशीत झोपणारा. पुतण्या म्हणाला, “काका, आईला पंधरा-वीस दिवस रुग्णालयाजवळच्या लॉजवर ठेवू या.” थोरले बंधू म्हणाले, “एवढीशी गोळी ती! दुसऱ्या दिवसापासून दुकानाच्या वह्या पाहायला बसेल.” एकाच्या मनात भय होते, दुसऱ्याच्या मनात बेफिकिरी. हिशेब मात्र दोघांनीही केला नव्हता.

तो हिशेब आम्हांला रुग्णालयाच्या न्यूक्लियर मेडिसिन विभागातील सुरक्षा अधिकारी बाईंनी समजावून सांगितला. अशा प्रत्येक विभागात किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी असावाच लागतो. या क्षेत्रावर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले. त्याआधी वीस वर्षे, १९६३ मध्ये, भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर मुंबईत परळ येथे सुरू झाले होते. म्हणजे ही विद्या आपल्या महाराष्ट्रात नवी नाही. सहा दशकांचा अनुभव तिच्या पाठीशी आहे.

क्ष-किरण यंत्राचे बटण बंद केले की किरण थांबतात. येथे मात्र किरण पदार्थातूनच निघतात. त्याला बटण नाही. शिवाय तो हाताला, कपड्याला, टेबलाला लागू शकतो आणि हातावाटे पोटात जाऊ शकतो. म्हणून ज्या खोलीत ही औषधे हाताळतात, तेथे खाणे-पिणे वर्ज्य असते. हातमोजे घालून, शिशाच्या आडोशामागे, द्रव शोषणारा कागद अंथरलेल्या ट्रेमध्ये काम करायचे आणि बाहेर पडताना हात-पाय यंत्राने तपासून घ्यायचे, असा नियम आहे. काही सांडलेच, तर प्रथम इतरांना सावध करायचे, येणे-जाणे थांबवायचे आणि डाग पसरू नये म्हणून बाहेरून आत असे पुसत यायचे.

किरणांपासून बचावाची सूत्रे तीन : वेळ, अंतर आणि आडोसा. पदार्थाजवळचा वेळ निम्मा केला, तर मात्रा निम्मी होते. अंतर दुप्पट केले, तर ती साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. आडोशासाठी शिसे किंवा टंगस्टन वापरतात. इंजेक्शनच्या सिरिंजलाही त्याचे कवच असते. कर्मचाऱ्यांच्या छातीवर लावलेला बिल्ला त्यांना मिळालेल्या किरणांची नोंद घेतो आणि दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो. कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. सामान्य नागरिकासाठी ही मर्यादा वर्षाला केवळ १ मिलिसिव्हर्ट आहे. निसर्गातून, म्हणजे माती, हवा, अन्न आणि आकाशातून, माणसाला जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. ही मर्यादा त्याखेरीजची आहे.

मला सर्वांत आपली वाटली ती तेथील नोंदवही. औषध किती आले, कोणत्या वेळी मोजले, कोणाला किती दिले, शिल्लक किती, टाकाऊ भाग कोणत्या डब्यात गेला, सारे तारीखवार. फरक एवढाच, की ही शिल्लक कोणी हात न लावताही घटते. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते. वहिनींची मात्रा १० मिलिक्युरी होती. ती शरीरात गेली नसती, तरी आठ दिवसांनी ५, सोळा दिवसांनी अडीच आणि ८० दिवसांनी तिचा हजारावा हिस्सासुद्धा उरला नसता. शरीरात तर लघवीवाटे बराच भाग पहिल्या काही दिवसांतच बाहेर पडतो, म्हणून घट आणखी वेगाने होते. तपासणीसाठी वापरले जाणारे टेक्नेशियम सहा तासांत निम्मे होते. याच गणिताच्या आधारे येथील कचरा लगेच फेकत नाहीत. पदार्थानुसार वेगळा करून, तारीख घालून बंद ठेवतात आणि पुरेसा क्षीण झाल्याची मोजून खात्री केल्यावरच बाहेर काढतात. थायरॉईडच्या कर्करोगात मात्रा मोठी असते. ती ३० मिलिक्युरीच्या वर असेल, तर रुग्णाला स्वतंत्र खोलीत दाखल करतात आणि तेथील शौचालयाचे पाणीसुद्धा टाक्यांत साठवून, क्षीण झाल्यावरच सोडतात.

हिशेब सुटला तर काय होते, हे आपण व्यापाऱ्यांनी तरी विसरू नये. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील एक जुने यंत्र लिलावातून आले. वर्षानुवर्षे ते वापराविना पडून होते. त्यात किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० होते आणि ते निम्मे व्हायला पाच वर्षांहून अधिक काळ लागतो. यंत्र सुटे करताना कोबाल्ट उघडे पडले. अनेकांना गंभीर इजा झाली आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. ते यंत्र रुग्णालयातील नव्हते, पण धडा तोच आहे. शिल्लक न तपासता खाते बंद केले आणि ती शिल्लक एका अजाण माणसाच्या नावे पडली. आपल्या समाजात धातू आणि भंगाराचा व्यापार करणारी कुटुंबे आहेत. पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांचे चिन्ह दिसले, किंवा जुन्या यंत्रात अकारण जड असे शिशाचे भांडे आढळले, तर ते फोडू नये. माणसांना दूर करावे आणि पोलिसांना कळवावे.

लॉजवर ठेवण्याचा प्रस्ताव पुतण्याने सुरक्षा अधिकारी बाईंपुढेही मांडला. त्यांनी शांतपणे विचारले, “तिथली खोली झाडायला जी बाई येईल, तीही गरोदर असू शकते. तिला कोण सांगणार?” पुतण्याने मान खाली घातली. आपल्या घरातील जोखीम उचलून परक्याच्या पदरी टाकणे म्हणजे सुरक्षा नव्हे, हे त्या एका प्रश्नाने आम्हां सर्वांना कळले.

मग घरीच व्यवस्था केली. सूनबाई नातवाला घेऊन तीन आठवडे माहेरी गेल्या. वहिनींना शौचालय असलेली वरच्या मजल्यावरची खोली दिली. वेगळे अंथरूण, वेगळा टॉवेल, भरपूर पाणी, शौचालयात दोनदा फ्लश, हात नीट धुणे आणि इतरांपासून हातभर नव्हे, तर निदान मीटरभर अंतर. पत्रकावर प्रत्येक निर्बंधासमोर तो संपण्याची तारीख लिहिली होती. दुकानाची तारीख आधी होती, नातवाला कुशीत घेण्याची सर्वांत शेवटी.

ती शेवटची तारीखही उलटली. सूनबाई आणि नातू घरी आले. तरीही वहिनींचे ताट वेगळेच वाढले जात होते आणि नातवाला कोणी त्यांच्याजवळ जाऊ देईना. एके दिवशी त्या म्हणाल्या, “भाऊजी, मला वाळीतच टाकलंय का हो?” मी ते पत्रक सर्वांसमोर ठेवले. म्हटले, “कर्ज फिटल्यावरही तारण अडकवून ठेवणाऱ्या सावकाराला आपण काय म्हणतो? मुदतीआधी नियम मोडणे जसे चूक, तसेच मुदतीनंतर भय धरणेही चूक.” सूनबाई उठल्या आणि त्यांनी नातवाला आजीच्या मांडीवर नेऊन बसवले.

ज्यांच्या घरी असा उपचार ठरला असेल, त्यांनी काही गोष्टी आधीच कराव्यात. गरोदरपणाची शक्यता असेल, तर ती न लपवता सांगावी. गरोदर स्त्रीला हे आयोडीन देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या मातेने पुढे काय करायचे, ते डॉक्टरांना विचारावे. घरात लहान मुले किती, खोल्या किती, परतीचा प्रवास कसा, हे उपचाराआधी सांगावे. प्रत्येक निर्बंधाची तारीख लेखी मागून घ्यावी. ती रुग्णागणिक वेगळी असते, शेजाऱ्याची आपल्याला लागू पडत नाही. विमानतळावरील यंत्रे काही आठवडे रुग्णाच्या शरीरातील किरण ओळखू शकतात, म्हणून प्रवासात रुग्णालयाचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे.

वहिनींची प्रकृती आता ठीक आहे. थायरॉईडची एक छोटी गोळी रोज घ्यावी लागते, तेवढेच. ते पत्रक मात्र त्यांनी दुकानाच्या जुन्या खतावणीत जपून ठेवले आहे. शेवटच्या तारखेपुढे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे : ‘खाते पूर्ण.’