पैलवानाच्या वाट्याची भूमिका

29 मे 1968 रोजी मुंबईत दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला हरवून व्यावसायिक कुस्तीचे जगज्जेतेपद मिळवले. तेव्हा तो चाळिशीला टेकला होता आणि गेली सहा वर्षे हिंदी पडद्यावर नायक म्हणून वावरत होता. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत सर्जिओ लिओनेचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ झळकला. त्याच्या सुरुवातीच्या लांबलचक, जवळजवळ मूक प्रसंगात तीन बंदूकधारी एका ओसाड रेल्वे स्थानकावर कोणाची तरी वाट पाहतात. त्यातला उंच, काळा माणूस वरून ठिबकणारे पाणी हॅटवर झेलतो आणि साचले की पिऊन टाकतो. गाडी येते, गोळ्या सुटतात, तिघेही कोसळतात आणि खरा चित्रपट तिथून पुढे सुरू होतो. तो काळा माणूस म्हणजे वुडी स्ट्रोड. तोही खेळाडू होता, एके काळी तोही पोटासाठी कुस्त्या खेळत होता. दोघेही सहा फुटांवरचे, दोघांनाही चित्रपटात बोलावले ते देहासाठीच. तरी पडद्याने दारासिंगला राजा, टारझन आणि शेवटी देव केले. स्ट्रोडच्या वाट्याला आले गुलाम, टोळीवाले आणि नोकर. हा फरक अभिनयगुणाने पडला नाही. त्या देहासाठी समाजाने आधीच जी जागा राखून ठेवली होती, तिने तो पडला. दारासिंगसाठी राखलेली जागा काय होती, हे मुंबईतल्या स्टुडिओंपेक्षा बनारसच्या आखाड्यांत अधिक स्वच्छ दिसते.

आधी स्ट्रोड. 1914 साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला हा मुलगा तिथल्याच विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल खेळला. 1939च्या त्या संघात त्याच्यासोबत केनी वॉशिंग्टन होता आणि पुढे बेसबॉलमध्ये इतिहास घडवणारा जॅकी रॉबिन्सनही. संघ त्या मोसमात एकही सामना हरला नाही. पण व्यावसायिक लीगचे दार बंद होते: 1934 ते 1945 या काळात नॅशनल फुटबॉल लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला गेला नव्हता. ते दार 1946 मध्ये उघडले, तेही कोणाचे हृदयपरिवर्तन झाले म्हणून नव्हे. क्लीव्हलँडहून लॉस एंजेलिसला आलेल्या रॅम्स संघाला तिथले सार्वजनिक कोलिझियम मैदान हवे होते, आणि करदात्यांच्या पैशाने बांधलेल्या मैदानावर गोऱ्यांचाच संघ कसा, असा प्रश्न कृष्णवर्णीय पत्रकारांनी लावून धरला. वॉशिंग्टनला घेतले, पाठोपाठ स्ट्रोडला. रॉबिन्सन बेसबॉलच्या मुख्य लीगमध्ये उतरण्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट, पण आजही आठवण निघते ती रॉबिन्सनचीच. स्ट्रोडला एका मोसमानंतर नारळ मिळाला. मग तो कॅनडात खेळला, कुस्त्या केल्या आणि चित्रपटांत शिरला.

तिथे त्याला काय मिळाले? 1960च्या ‘स्पार्टाकस’मध्ये तो ड्राबा नावाचा इथिओपियन ग्लॅडिएटर आहे. मालकांच्या करमणुकीसाठी लावलेली लढत तो जिंकतो, पण नायकाला मारण्याऐवजी त्रिशूळ प्रेक्षकांत बसलेल्या रोमनांकडे फेकतो आणि ठार होतो. त्याचे प्रेत इतर गुलामांना दहशत बसावी म्हणून उलटे टांगतात. काही मिनिटांच्या या भूमिकेसाठी त्याला गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले, आणि चित्रपटातले बंड पेटते ते त्याच्या मरणाने. म्हणजे कथेचा कणा त्याचा, कथा मात्र दुसऱ्याची. त्याच वर्षी जॉन फोर्डने ‘सार्जंट रटलेज’मध्ये त्याला नावाची भूमिका दिली, श्रेयनामावलीत पहिले नाव तरीही गोऱ्या जेफ्री हंटरचे. यामागे निव्वळ सवय नव्हती, काही वर्षांपूर्वीपर्यंत लागू असलेला लेखी नियमही होता. हॉलिवूडच्या आचारसंहितेने गोऱ्या-काळ्यांमधल्या प्रेमसंबंधांचे चित्रण 1950च्या दशकाच्या मध्यापर्यंत निषिद्ध ठरवले होते. ज्याला प्रेम करण्याची मुभा नाही, तो नायक कसा होणार? राहता राहिले अंगबळ. आणि काळ्या माणसाच्या अंगबळाबद्दल अमेरिकेकडे एकच जुनी, रुजलेली कथा होती: लिलावात उभा केलेला, दंड आणि दात तपासून किंमत ठरवलेला देह.

दारासिंगची वाट वेगळी. अमृतसर जिल्ह्यातल्या धर्मूचकचा हा तरुण 1940च्या दशकाच्या अखेरीस सिंगापूरला गेला, तिथल्या तालमीत घडला, 1954 मध्ये रुस्तम-ए-हिंद झाला. चित्रपटात किरकोळ कामे करून झाल्यावर 1962 साली बाबूभाई मिस्त्रींनी त्याला ‘किंग काँग’मध्ये नायक केले. पुढच्या वर्षी ‘फौलाद’ आला आणि मुमताजसोबतची जोडी जमली. दोघांनी मिळून डझनावर चित्रपट केले. आघाडीच्या नायिका त्याच्यासोबत काम करायला कचरत, म्हणून नवख्या मुमताजला संधी मिळाली, हा तिचा फायदा. 1965 मध्ये तो ‘सिकंदर-ए-आझम’मध्ये सिकंदर झाला, त्याच वर्षी टारझनही. स्ट्रोडनेही टारझनपट केले होते, 1958 आणि 1963 मध्ये; अर्थात टारझनच्या विरुद्ध बाजूने. आफ्रिकेतून बळाने आणलेल्यांचा वंशज जंगलात परका आणि पंजाबचा जाट जंगलाचा राजा, असा हा हिशेब आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की दारासिंगचे चित्रपट दुय्यम दर्जाचे होते. सुरुवातीला त्याचे संवादही दुसऱ्याच्या आवाजात भरावे लागत, कारण पंजाबी वळण जाता जात नव्हते. अशा चित्रपटांतले नायकपण ते काय? आक्षेपातला तपशील खरा आहे, पण त्यातून उलटच सिद्ध होते. ज्याचा आवाजही वापरता येत नाही अशा माणसाला वर्षानुवर्षे नायक म्हणून खपवता येते, तेव्हा प्रेक्षक अभिनय पाहत नसतात. ते आधीपासून मनात असलेल्या कोणाला तरी पाहत असतात. स्ट्रोडकडे आवाज होता, थांबण्याची आणि गप्प राहण्याची विलक्षण जाण होती. ती त्याच्या कामी आली नाही. दुसरा आक्षेप कुस्तीच्या जाणकारांचा: वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये रंगणारी ‘फ्रीस्टाइल’ म्हणजे अर्धा खेळ, अर्धे नाटक, खाशाबा जाधवांच्या ऑलिंपिक पदकाशेजारी तिला बसवू नये. बसवायची गरजच नाही. ती कुस्ती नाटक होती, म्हणूनच इथे महत्त्वाची. त्या नाटकात हंगेरियन वंशाच्या महाकाय एमिल चायाला ‘किंग काँग’ हे नाव घेऊन राक्षस व्हावे लागे आणि दारासिंगला त्याला उचलून आपटणारा आपला माणूस. पडद्याने ही भूमिका कुस्तीच्या रिंगणातूनच उचलली. रिंगणाने ती कुठून उचलली?

आता बनारस. गंगेच्या घाटांवर आणि गल्लीबोळांत विखुरलेल्या इथल्या आखाड्यांत हनुमानाची मूर्ती नाही असा आखाडा शोधावा लागेल. परंपरा सांगते की तुलसीदासांनीच काशीत हनुमानाची स्थाने आणि त्यांच्यासोबत आखाडे उभे केले. तुलसी घाटावरचा स्वामीनाथ आखाडा त्याच परंपरेतला मानला जातो. हळद, तेल, ताक घालून राखलेली माती, पहाटेच्या जोर-बैठका, दूध-तूप-बदामाचा खुराक, जोडी आणि गदा फिरवण्याच्या स्पर्धा. मराठी वाचकाला यात नवखे काही वाटणार नाही. कोल्हापूरच्या तालमीत मारुती असतोच, समर्थांनी अकरा मारुती स्थापले ते याच भावनेने, आणि बाळंभट देवधर व कोंडभट गोडबोले यांच्या शिष्यपरंपरेने मल्लविद्येचा मराठी धागा काशीपर्यंत नेला. मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ ऑल्टर याने बनारसच्या आखाड्यांत राहून केलेला अभ्यास 1992 मध्ये पुस्तकरूपाने आला. त्याचे मुख्य निरीक्षण असे की इथला पैलवान केवळ डाव शिकत नाही. शक्ती, भक्ती आणि ब्रह्मचर्य या तिन्हींना एकत्र बांधणारा जगण्याचा एक नमुना तो अंगात मुरवतो, आणि त्या नमुन्याचे नाव हनुमान. देह कमावणे ही उपासना आहे असे मानणाऱ्या समाजात कमावलेला देह पडद्यावर आला, तर त्याला हात जोडण्याची सवय प्रेक्षकांना आधीच लागलेली असते. दारासिंगने 1976च्या ‘बजरंगबली’त हनुमान साकारला आणि 1987 मध्ये दूरदर्शनच्या ‘रामायणा’त तोच. साठीच्या जवळ आलेल्या माणसाला शेपटी आणि मुखवटा लावून उभे केले तरी कोणाला हसू आले नाही. 2003 मध्ये राज्यसभेवर नेमला गेलेला पहिला खेळाडू तोच ठरला. त्याचे देवपण ‘रामायणा’ने घडवले असे आपण म्हणतो, खरे तर मातीतल्या मूर्तीशेजारची जागा त्याच्या आधी कित्येक पिढ्यांनी तयार ठेवली होती.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो. हनुमान हाही अखेर दासच. राम-लक्ष्मणांना खांद्यावर बसवणारा, डोंगर उचलून आणणारा, सांगितले ते काम करणारा. मग स्ट्रोड नोकर झाला आणि दारासिंग दास झाला, यात फरक तो काय? उत्तरासाठी फोर्डच्याच 1962च्या ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’मधला पाँपी पाहावा. स्ट्रोडने केलेला हा पाँपी नायकाचा नोकर आहे. दारूच्या गुत्त्यात त्याला पेला मिळत नाही. शाळेत स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याविषयी बोलताना नेमका समतेचा भाग तो विसरतो, आणि मालकाने दारूच्या नशेत स्वतःचे घर पेटवून घेतले की त्याला आगीतून बाहेर ओढतो तो पाँपीच. निष्ठा दोघांचीही अपार. पण हनुमानाने रामाची निवड केली, आणि त्या निवडीमुळेच दास देव झाला. त्याची स्वतंत्र देवळे रामाच्या देवळांपेक्षा जास्त असतील. बनारसच्या संकटमोचन मंदिरात शनिवार-मंगळवारी जी रांग लागते ती दासाच्या दर्शनाला. पाँपीने मालक निवडल्याचा एकही प्रसंग पटकथेत नाही, आणि निष्ठेपलीकडे त्याच्या नावावर काहीच लिहिलेले नाही. फोर्डला स्ट्रोडबद्दल मनापासून आदर होता, आणि तरीही त्याला याहून वेगळे सुचले नाही, हीच त्यातली मेख.

मात्र भारताने स्वतःची पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही, आणि तेही बनारसच दाखवते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नाटी इमलीच्या भरतमिलापात रामाचा प्रचंड लाकडी पुष्पक रथ यादव मंडळी खांद्यावर वाहतात: पांढरी धोतरे, लाल पगड्या, आखाड्यात कमावलेले खांदे. तो त्यांचा मान आहे आणि ते तो अभिमानाने मिरवतात. गंगेपलीकडे रामनगरच्या महिनाभर चालणाऱ्या रामलीलेत मात्र राम, सीता आणि रामाचे भाऊ होतात ती ब्राह्मणांची मुले. वाहणारा कोण आणि बसणारा कोण, हे इथेही जन्मानेच ठरते. दारासिंगला मिळालेला मुकुट प्रत्येक भारतीय खेळाडूला मिळण्यासारखा नव्हता. पळवणकर बाळू हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा देशातला अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज. पण जातीमुळे चहासुद्धा त्याला मंडपाबाहेर वेगळ्या भांड्यात घ्यावा लागे, आणि कर्णधारपद कधीच दिले गेले नाही. आणि आफ्रिकी वंशाचे लोक आपल्याकडेही आहेत: जंजिऱ्यावर राज्य केलेले, आज कर्नाटक-गुजरातच्या जंगलांलगत राहणारे सिद्दी. 1980च्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुले निवडून त्यांना तयार करण्याची योजना आखली आणि काही वर्षांतच गुंडाळली. हिंदी चित्रपटांतले ‘जंगली’ मात्र अनेकदा तोंडाला काळे फासलेले असत. त्या काळ्या रंगाला आपल्याकडेही ड्राबाहून मोठी जागा नव्हती.

राखीव जागेचा हा नियम किती काटेकोर चालतो, याचा सर्वांत कठोर पुरावा हमीदा बानू. अलीगढला सलाम पैलवानाकडे तयार झालेली ही स्त्री 1940 आणि 50च्या दशकांत पुरुष मल्लांशी कुस्त्या खेळली; मे 1954 मध्ये बडोद्याला तिने बाबा पैलवानाला दोन मिनिटांच्या आत चीत केले. नाव, गर्दी, वर्तमानपत्रांतला गाजावाजा, दारासिंगकडे होते ते सगळे तिच्याकडे त्याच्याआधी होते. पुण्यात तालीम संघाच्या विरोधामुळे तिची कुस्ती रद्द झाली, कोल्हापुरात जिंकूनही प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली. कोणत्याही निर्मात्याने तिला नायिका केले नाही, खलनायिकाही नाही. उत्तरायुष्यात ती कल्याणला दूध विकत होती. मारुतीच्या ब्रह्मचर्यव्रताभोवती बांधलेल्या आखाड्यात स्त्रीदेहाला जागाच नव्हती, त्यामुळे पडद्याला तिथून उचलण्यासारखे काही सापडले नाही. गेल्या काही वर्षांत तुलसी घाटावर नागपंचमीला मुलीही मातीत उतरू लागल्या आहेत. चित्रपटाने स्त्री मल्लांची दखल घेतली ती 2016च्या ‘दंगल’मध्ये. गीता फोगटने 2010च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकले होते, कथा तिची आणि तिच्या बहिणीची होती. त्यांची कामे मात्र तालीम देऊन तयार केलेल्या अभिनेत्रींनी केली, आणि जाहिरातींत सर्वांत मोठा चेहरा होता वडिलांची भूमिका करणाऱ्या आमिर खानचा.